जेवून पडलेला अजगर काय करत असतो?

डिसेंबरातला रविवार होता. चोपडा तालुक्यात अनेर नदीच्या अंगाला मित्राचं शेत आहे, तिथं भरीत पार्टी ठरलेली. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली, लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचली, वर कांद्याची पात, जोडीला कळण्याच्या पुऱ्या. दुपारी दोनपर्यंत दहा-बारा माणसं निंबाखाली आडवी झाली होती. तेवढ्यात सालदार नाल्याकडून आला आणि आवाज न चढवता म्हणाला, "भाऊ, चाला. नालाना कडले अजगर पडेल शे."

नाल्याच्या दरडीवर, ऊन थेट पडेल अशा जागी, नऊ-दहा फुटांचा अजगर पसरला होता. मागे साळिंदराचं जुनं बीळ. अंगाच्या मध्यावर एक मोठा फुगवटा. कुणीतरी म्हणालं, "आपलागतच शे हाऊ बी. खाईसन पडना." सगळे हसले. मीही हसलो, पण शाळेत जीवशास्त्र शिकवायची सवय गप्प बसू देत नाही. आपण आडवे झालो होतो ते काम नव्हतं म्हणून. तो अजगर मात्र त्या घडीला त्याच्या आयुष्यातलं सर्वांत दमवणारं काम करत होता. तिथं उभ्या-उभ्या सांगितलं त्यापेक्षा जरा नीट आता लिहितो.

आधी ओळख. जगात अजगरांच्या कितीतरी जाती आहेत. आपल्याकडे, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्यापासून तापी, गिरणा, पांझऱ्याच्या काठापर्यंत जो दिसतो तो भारतीय अजगर. शास्त्रीय नाव पायथॉन मोलुरस. लिनियसने 1758 मध्ये त्याची नोंद केली. ब्रह्मदेशी अजगर हा त्याचा अगदी जवळचा भाऊबंद. 2009 पर्यंत दोघांना एकाच जातीत धरत, नंतर वेगळं केलं. हे इथं सांगायचं कारण असं की अजगराच्या पोटातल्या घडामोडींवर जगात जे मोठे प्रयोग झाले, ते बहुतेक या ब्रह्मदेशी भावावर झाले आहेत. आपला अजगर साधारण तीन मीटरच्या आसपास भरतो. त्याहून बराच मोठाही होतो, पण 'वीस फुटी अजगर निघाला' अशी बातमी आली की मी मनातल्या मनात निम्मे फूट कापतो. माणूस घाबरला की साप लांब होतो.

आता तो फुगवटा.

आपलं पोट रोज दोनदा-तीनदा कामाला लागतं, म्हणून ते कायम सुरू ठेवलेलं असतं. गिरणीला रोज दळण असेल तर पट्टा चढवून ठेवणं परवडतं. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दळण येणार असेल, तर मोटार चालू ठेवून विजेचं बिल कोण भरेल? अजगराचा हिशेब हाच आहे. दोन जेवणांच्या मधल्या काळात तो आतली गिरणी जवळजवळ बंद करून ठेवतो. आतडं आक्रसतं, जठरात आम्ल बनणं थांबतं, तिथला रस पाण्यासारखा उदासीन होतो. हृदयही लहान होतं. अशा अवस्थेत तो महिनोन् महिने उपाशी राहू शकतो, कारण खर्चच फार थोडा.

मग एक दिवस शिकार गिळली जाते आणि चक्र उलटं फिरतं. एक-दोन दिवसांत जठरातला रस लिंबाहूनही जहाल आम्ल होतो. लहान आतड्याचं वजन दुपटीच्या घरात जातं. अन्न शोषून घेणारे आतले बारीक तंतू कित्येक पट लांबतात. हृदय दोन-तीन दिवसांत सुमारे 40 टक्क्यांनी वाढल्याचं 2005 मध्ये ब्रह्मदेशी अजगरांवर मोजलं गेलं. शरीराचा प्राणवायूचा वापर, भक्ष्य फार मोठं असेल तर, रिकाम्या पोटाच्या तुलनेत चाळीस पटींवर जातो. चाळीस पट! शर्यतीत जीव तोडून पळणारा घोडा जितका प्राणवायू ओढतो, त्या तोडीचं हे काम, फरक एवढाच की घोडा काही मिनिटं पळतो आणि अजगर काही दिवस. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र एक पडलेलं लाकूड दिसतं.

या कामाची मजुरीही जबर असते. जेवणातून जेवढी ऊर्जा मिळते, तिच्यातली साधारण एक तृतीयांश पचवण्यातच जाते. उरलेल्यावर पुढचे कित्येक आठवडे. पचन आटोपलं की आतडं, हृदय, सगळं पुन्हा आक्रसून पहिल्यासारखं.

माणसाचं हृदय रक्तदाबाने वाढलं तर ते आजारपण. अजगराचं वाढतं आणि मुकाट परतही येतं. त्यामुळे हृदयरोगाचे अभ्यासकही या सापाच्या मागे लागले आहेत. जेवलेल्या अजगराच्या रक्तात काही स्निग्धाम्लांचं मिश्रण असतं, ते उंदरांना दिल्यावर त्यांचंही हृदय निरोगी रीतीने वाढलं, असं 2011 मध्ये दाखवलं गेलं. यावरून कुणी अजगराची चरबी सांधेदुखीवर विकू लागला तर त्याचा या संशोधनाशी काडीचा संबंध नाही. तो गुन्हा आहे. भारतीय अजगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याच्या लेखी वाघाच्या रांगेत.

मग तो उन्हात का आला होता? अजगराच्या अंगात स्वतःची उष्णता नाही, ती बाहेरून घ्यावी लागते. पाचक रसांना काम करायला ऊब लागते. थंडीत अंग गार राहिलं तर पोटातली शिकार पचण्याऐवजी सडते, आणि मग तो ती ओकून टाकतो. म्हणून हिवाळ्यात दुपारी दरडीवर, बांधावर, बिळाच्या तोंडाशी अजगर दिसतात. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानातले अजगर हिवाळा साळिंदरांच्या बिळांत काढतात, ऊन चढलं की तोंडाशी येऊन शेकतात. बीळ खोदणारं साळिंदर आतच असतं, कधी वटवाघळंही. अजगराला स्वतःला खोदता येत नाही, तो सदाचा भाडेकरू.

यातून शेतात पाळायची एक गोष्ट निघते. फुगवटा दिसतोय अशा अजगराला काठीने डिवचू नये, भोवती गर्दी करू नये. जीव वाचवायला पळायचं तर पोटातलं ओझं नको, म्हणून तो गिळलेलं बाहेर टाकतो. लोक टाळ्या पिटतात, व्हिडिओ करतात. त्याच्या बाजूने पाहिलं तर आतडं वाढवण्यात, आम्ल बनवण्यात घातलेलं भांडवल त्या क्षणी बुडतं. आपल्याकडच्या माणसाला बुडीत भांडवल वेगळं समजावून सांगायची गरज नाही. करप्याने बाग गेलेले शेतकरी घरोघर आहेत.

"पण हाऊ धरस कसा? येले ना पाय, ना ईख," सालदाराने विचारलं. ईख म्हणजे विष. प्रश्न रास्त आहे.

पाठलाग हा अजगराचा धंदा नाही. वाटेच्या कडेला पाचोळ्यात पडून राहायचं आणि वाट पाहायची. वरच्या आणि खालच्या ओठांच्या खवल्यांवर त्याला बारीक खाचा असतात. त्या खाचांतून त्याला उष्णता कळते. अंधारात उबदार अंगाचा उंदीर आजूबाजूच्या गार जमिनीवर वेगळा उठून दिसावा तशी. अंशाच्या लहानशा भागाएवढा फरकही त्याला पुरतो. या खाचांमध्ये नेमकं कोणतं प्रथिन काम करतं ते 2010 मध्ये सापडलं. गंमत म्हणजे आपल्या शरीरात तेच प्रथिन मोहरीचा झणका ओळखतं. ज्या डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत हे झालं, त्यांनीच आधी 1997 मध्ये मिरची जिभेला 'गरम' का लागते त्याचं कोडं सोडवलं होतं. 2021 चं वैद्यकाचं नोबेल त्यांना विभागून मिळालं. तर त्या दिवशी भरितातल्या मिरचीने आमच्या कानातून निघालेली वाफ आणि नाल्यातल्या अजगराची शिकार यांत एका कुळातली प्रथिनं होती.

शिकार टप्प्यात आली की झडप. दात आतल्या बाजूला वळलेले, माशाच्या गळासारखे. धरलेलं मागे सुटत नाही. लगेच विळखे. इथं आपल्याकडची एक पक्की समजूत मोडावी लागते. अजगर हाडांचा चुरा करत नाही, आणि बऱ्याचदा गुदमरवूनही मारत नाही. अमेरिकेत 2015 मध्ये बोआ सापांवर केलेल्या प्रयोगात दिसलं की विळखा बसल्यावर सहा सेकंदांत उंदराचा रक्तदाब निम्म्यावर आला. रक्तच फिरेनासं होतं, मेंदूला आणि हृदयाला पुरवठा तुटतो, काही क्षणांत शुद्ध जाते. त्याआधीच्या एका प्रयोगात मेलेल्या उंदराच्या अंगात धडधडणारं नकली हृदय बसवलं होतं. ते धडधडत होतं तोवर सापाने जास्त वेळ आणि जास्त जोराने आवळलं. म्हणजे तो भक्ष्याची नाडी अंगाने वाचतो. विळखा घालायला शक्ती लागते, ती नाडी बंद पडल्यावर एक क्षणही जास्त खर्चायची नाही. बोआ हा अजगराचा दूरचा नातेवाईक, पण आवळण्याची रीत सारखीच.

गिळताना 'जबडा निखळतो' असं म्हणतात, तेही खरं नाही. आपल्या हनुवटीत खालच्या जबड्याचे दोन भाग एकजीव झालेले आहेत. अजगरात ते ताणल्या जाणाऱ्या पट्ट्याने बांधलेले असतात आणि मागच्या सांध्यात एक हलतं हाड जास्तीचं. मग उजवी बाजू पुढे, डावी बाजू पुढे, असं करत तो स्वतःलाच शिकारीवर चढवत नेतो, उशीला अभ्रा चढवावा तसा. या अर्ध्या तासात श्वासाचं काय? श्वासनलिकेचं तोंड तो नळीसारखं बाहेर, ओठांच्या कडेला काढतो. एक समजूत मी लहानपणी मामाच्या गावी ऐकली होती: अजगर नुसत्या श्वासाने माणूस ओढून घेतो. त्याची फुप्फुसं त्या मानाने फारच साधी आहेत.

नावात मात्र चूक नाही. संस्कृतात अज म्हणजे शेळी, आणि शेळी गिळतो तो अजगर. मोठा अजगर करडू, कोंबड्या, क्वचित कुत्रं नेतो, आणि दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या बाईला ते नुकसान लहान नसतं. ते नाकारून निसर्गप्रेम सांगणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पण त्याचं रोजचं जेवण उंदीर, घुशी, ससे, पक्षी, घोरपडी, रानडुकरांची पिल्लं हे आहे. केळीच्या बागेत तो का येतो याचं उत्तर याच यादीत आहे. ठिबकमुळे बारमाही ओल, कापून टाकलेल्या पानांचा जाड थर, मे महिन्यातही सावली, आणि उंदीर. बाहेर पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना तापीच्या खोऱ्यात यापेक्षा चांगली जागा सापाला कुठली मिळणार? रात्रीतून रानडुकरांनी बाग लोळवलेला शेतकरी त्यांच्या पिल्लांच्या शत्रूला मारायला काठी घेऊन धावतो, हा हिशेब मला अजून जुळलेला नाही.

"मानूसले गियस का?" हा प्रश्न येतोच, त्या दिवशीही आला. इंडोनेशियात सुलावेसी बेटावर 2017 मध्ये एका प्रौढ माणसाला अजगराने गिळल्याची घटना खरी आहे. तो जाळीदार अजगर, जगातला सर्वांत लांब साप. भारतात तो निकोबार आणि ईशान्येकडे मिळतो, खान्देशात नाही. आपल्या अजगरापुढे माणसाचे खांदे ही मोठी अडचण असते. तरी लहान लेकराला जवळ जाऊ देऊ नये, आणि चावला तर विष नसलं तरी जखम खोल होते.

खरा धोका उलट बाजूने आहे, आणि इथं जरा थांबतो. घोणस. दरवर्षी कुणीतरी 'अजगराचं पिल्लू' म्हणून घोणस हातात धरतो. दोघंही जाड, तपकिरी, ठिपक्यांचे, सुस्त वाटणारे. घोणशीच्या पाठीवर काळ्या-पांढऱ्या कडांचे लंबगोल ठिपके साखळीसारखे तीन रांगांत असतात, एकसारखे. अजगराचे ठिपके फाटक्या नकाशासारखे, एकाला एक न जुळणारे. अजगराच्या डोक्यावर भाल्याच्या फाळासारखी खूण आणि किंचित गुलाबी झाक असते. घोणस डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. त्यात दुरक्या घोणस नावाचा तिसरा, बिनविषारी, भर घालतो. हे सगळं वाचून कुणाला वाटेल की आता ओळखता येईल. कपाशी वेचताना, पाचोळ्यात अर्धवट झाकलेला साप पाहून नाही ओळखता येत. मला स्वतःला दोनदा लांबून फसायला झालं आहे. हात लावायचा नाही, एवढंच ओळखायचं. वनखात्याचा क्रमांक 1926.

साप पकडून नेणाऱ्यांबद्दलही एक बोलायचं आहे. उत्साहाने पोतं भरून चाळीस-पन्नास किलोमीटरवर सातपुड्यात सोडून आलो, असं अभिमानाने सांगतात. फ्लोरिडात ब्रह्मदेशी अजगरांना 21 ते 36 किलोमीटर दूर सोडून मागावर यंत्रं लावली, तर बहुतेक जण जवळजवळ मूळ जागी परत आले. 2014 चा हा अभ्यास. त्यांच्या डोक्यात नकाशा आणि दिशा दोन्ही असतात. अनोळखी डोंगरात टाकलेला साप घरची वाट धरतो, आणि त्या वाटेत रस्ते, गावं, कुत्री सगळं येतं. जवळच्या नाल्यात, माणसांच्या वावरापासून थोडं आड सोडणं त्याच्याही सोयीचं आणि आपल्याही.

(फ्लोरिडात हे अजगर मुळात परदेशी. पाळण्यासाठी नेलेले सुटले किंवा सोडले गेले, आणि दलदलीत माजले. 2012 च्या पाहणीत तिथं रकून नावाचा लहानसा केसाळ प्राणी दिसण्याचं प्रमाण 99 टक्क्यांनी घटलेलं आढळलं. तोच अजगर, चुकीच्या गावात.)

दरडीवरचा अजगर नर की मादी, हे सालदाराला हवं होतं. लांबून सांगता येत नाही. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नखासारखे दोन काटे असतात, नरात ठळक. ते म्हणजे मागच्या पायांचे उरलेले शेंडे. सापांच्या पूर्वजांना पाय होते, अजगराने त्यांची ही पावती जपून ठेवली आहे. आत कमरेच्या हाडाचे तुकडेही सापडतात. त्याला पूर्ण बिनकामाचंही म्हणता येत नाही, कारण मीलनाच्या वेळी नर त्यांनी मादीला कुरवाळतो. तो हंगाम याच थंडीचा, डिसेंबर ते फेब्रुवारी.

अंडी उन्हाळ्याच्या तोंडाशी पडतात, मार्च ते मे. वीस-तीस, कधी बरीच जास्त. बहुतेक साप अंडी घालून निघून जातात. अजगराची मादी जात नाही. ती अंड्यांचा ढीग करून भोवती वेटोळं घालते, वर डोकं ठेवते आणि दोनेक महिने तशीच राहते, न खाता. 1841 मध्ये पॅरिसच्या प्राणिसंग्रहात अजगराच्या एका मादीच्या वेटोळ्यात तापमापक घालून पाहिले, तर ती हवेपेक्षा गरम निघाली. त्याआधी भारतात फिरून गेलेल्या एका फ्रेंच प्रवाशाने हेच सांगितलं होतं, तेव्हा विद्वानांनी ते हसण्यावारी नेलं. थंड रक्ताचा प्राणी ऊब कुठून आणणार? उत्तर 1966 मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहातल्या ब्रह्मदेशी मादीने दिलं. ती स्नायू आखडून अंगाला झटके देत होती, आपण थंडीत कुडकुडतो तसे, आणि हवा जितकी गार तितके झटके जास्त. वर्षभर पै-पै जपणारा हा प्राणी इथं मात्र उपाशीपोटी ऊर्जा उधळतो.

खान्देशातल्या मे महिन्यात कुडकुडायची वेळ येत असेल असं मला वाटत नाही. इथं भीती दुसरी, अंडी सुकण्याची. कवच कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं, मऊ चामड्यासारखं असतं, त्यातून पाणी उडतं. अजगरांच्या इतर जातींवर पाहिलं गेलंय की मादीचं घट्ट वेटोळं हे पाणी उडणं कमी करतं. घागरीला ओलं फडकं गुंडाळायचं आपलं तंत्र त्याच्या जवळपासचं.

पिल्लं बाहेर येतात तेव्हाच दीड-दोन फुटांची असतात. नाकाच्या टोकावरच्या इवल्या दाताने कवच चिरतात, आणि आईचं काम तिथं संपतं.

त्या दिवशी तासाभराने ऊन सरकलं तसा अजगरही सरकला. नागमोडी नाही, सरळ रेषेत, पोटाखालचे खवले पुढे-मागे ओढत, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा, आणि बिळात गेला. फुगवटा तोंडाशी जरा अडला, मग आत शिरला. सालदाराने त्या बाजूचं गवत कापायचं नाही असं स्वतःच ठरवून टाकलं.

जूनच्या अखेरीस केळीच्या मृगबागेची लागवड चालू असताना त्याचा फोन आला. पहिल्या पावसाने दरडीचा एक कोपरा ढासळला होता, आत पांढरट, चिरलेल्या, मऊ टरफलांचा ढीग निघाला होता. "पोयरा मोजी ऱ्हायनात," तो म्हणाला. मागून पोरांचा आवाज येत होता, सतरा, अठरा, आणि मग दोघांचं भांडण, की हे मघाशी मोजलं होतं का नाही.